गुरुवारची सभा

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

यंदाच्या स्नेहसंमेलनात विनोदी नाट्यछटेचे पहिले बक्षीस दारुड्याचे काम करणाऱ्या मुलाला मिळाले. काम खरोखरच चांगले झाले होते. शर्टाची बटणे खालीवर लावलेली, एका पायात चप्पल, हातात रिकामी बाटली आणि विजेच्या खांबाशी चाललेले भांडण. सभागृह हसून लोटपोट झाले. मीही हसले. हसता हसता मध्येच माझ्या लक्षात आले की त्याच्या अंगातला शर्ट आमच्या दुकानात शिवलेला आहे.

माझ्या वडिलांचे टेलरिंगचे छोटे दुकान आहे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. गेली वीस वर्षे ते पीत आले आणि गेले वर्षभर ते न पिण्याचा प्रयत्न करीत आहेत. या प्रयत्नात दर गुरुवारी संध्याकाळी आपल्याच गावात भरणाऱ्या एका सभेचा मोठा वाटा आहे. ही सभा आपल्या कॉलेजपासून पायी पंधरा मिनिटांवर भरते, आणि मला ती सापडायला आठ महिने लागले. आपल्यापैकी आणखी कोणाला तिची गरज असेल तर त्याचे तेवढे महिने वाचावेत, म्हणून हा लेख.

लेखावर माझे नाव नाही याचा खुलासा केला पाहिजे. संपादक सरांनी नाव घालण्याविषयी विचारले होते. पण आपल्याकडे मुलीचे नाव लिहायचे म्हणजे मध्ये वडिलांचे नाव येतेच, ते वगळून नाव अर्धवट वाटते. आप्पांनी लेख वाचला आहे आणि तो छापायला त्यांची हरकत नाही. ओळखणारे ओळखतील हेही त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "पिताना गावानं बघितलंय, न पिताना बघितलं तर काय बिघडलं? पण नाव नको. उद्या मी परत प्यालो तर लोक म्हणतील, त्या सभेत काही दम नाही." सभेच्या नियमांतही नाव न छापण्यामागे हेच एक कारण दिले आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हते, मलाही नंतर कळले.

'एकच प्याला' आपण वर्गात अभ्यासले. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच, रंगभूमीवर आले. आर्य मदिरा मंडळाच्या सभेचा प्रवेश सर वाचून दाखवीत होते तेव्हाही वर्ग हसत होता, आणि तो प्रवेश हसण्यासारखाच आहे. माझे लक्ष मात्र दुसरीकडेच गेले. त्या नाटकात पिणाऱ्यांचे मंडळ आहे, उपदेश करणारी हितचिंतक मंडळी आहेत, सोसणारी बायको आहे. सुधाकर मध्ये एकदा दारू सोडतोही. पण 'मी पीत होतो, आता पीत नाही' असे सांगणारा एकही माणूस त्याला संपूर्ण नाटकात भेटत नाही. हे गडकऱ्यांचे न्यून म्हणून मी सांगत नाही. त्या काळी तसा माणूस भेटणार तरी कुठे होता? त्यांचे मंडळ ही थट्टा होती. मी ज्या मंडळाविषयी लिहीत आहे ते सोडणाऱ्यांचे आहे आणि ते खरोखरच अस्तित्वात आहे.

ते सापडेपर्यंत आमच्या घरात काय काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण बहुतेक घरांत याच क्रमाने होत असावे.

आप्पांनी दोनदा माळ घातली. आमच्या भागात दारू सोडण्याचा हा जुना आणि मानाचा मार्ग आहे. माळेने सुटलेले लोक मी पाहिलेले आहेत, तेव्हा त्याविषयी वावगे लिहिण्याचा माझा हेतू नाही. आप्पांची माळ पहिल्या वेळी चार महिने टिकली, दुसऱ्या वेळी अठरा दिवस. अठराव्या दिवशी त्यांनी ती स्वतःच काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि ते गुत्त्याकडे गेले. माळ गळ्यात असताना प्यायचे नाही एवढे त्यांनी पाळले. मग आईने जाहिरात वाचून एक पावडर मागवली. पिणाऱ्याच्या नकळत जेवणातून द्यायची आणि दारू आपोआप सुटते, असे जाहिरातीत होते. पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेले नव्हते. पंधरा दिवस आमटीतून ती दिली. काही झाले नाही हे आमचे नशीब. दारूची शिसारी आणणारे डायसल्फिराम नावाचे औषध खरोखरच आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो आणि क्वचित जिवावरही बेतते. म्हणून ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून आमटीत घालायची ती वस्तू नव्हे.

तिसरा उपाय मामांचा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ते आले आणि त्यांनी आप्पांना माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. चार दिवस दारू मिळाली नाही की सवय मोडेल असा त्यांचा सरळ हिशेब होता. पहिल्या दिवशी आप्पांच्या हातांना कंप सुटला. तो आम्हांला नवा नव्हता. सकाळी दुकान उघडले की सुईत दोरा ओवायला ते मला हाक मारीत, आणि लहानपणी मला त्याचे मोठे कौतुक वाटे. पहिला पेला पोटात गेल्याशिवाय त्यांचा हात स्थिर होत नाही म्हणून ती हाक असे, हे मला आठवीत गेल्यावर कळले. पण तिसऱ्या रात्री निराळेच घडले. त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. घामाने अंथरूण भिजले. ते हवेतून दोरे ओढून काढीत होते आणि बसल्या जागी दोन्ही पाय मशीन चालवावे तसे हलवीत होते. समोर नसलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगत होते की, ब्लाउज संध्याकाळी मिळेल.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आम्हांला रागे भरले आणि मग नीट समजावूनही सांगितले. रोज पुष्कळ पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देत देत स्वतःला सतत चेतवून ठेवायला शिकतो. दारू अचानक काढून घेतली की ती चेतना आवरायला काही उरत नाही. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, आणि त्यात रोगी दगावूही शकतो. भ्रमात माणूस पुष्कळदा आपल्या रोजच्या धंद्याचेच हातवारे करतो. यावर झोपेची ठरावीक औषधे, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि दिवसरात्र लक्ष हाच उपाय. म्हणून लेखातली बाकीची माहिती विसरली तरी चालेल, पण ही विसरू नये: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून त्याची दारू तोडू नये. आधी डॉक्टर, मग बाकीचे.

त्याच वॉर्डात एका दुपारी दोन गृहस्थ आले. एक साठीचे, एक तरुण. ते कोणाचे नातेवाईक दिसत नव्हते. आप्पांच्या खाटेशी येऊन साठीचे गृहस्थ म्हणाले, "मी याच वॉर्डात होतो, त्या खिडकीजवळच्या खाटेवर." आप्पांनी भिंतीकडे तोंड केले. ते थोडा वेळ थांबले, एक मराठी पत्रक आईच्या हातात देऊन गेले. आईने ते घरी आणून फडताळातल्या कागदाखाली ठेवले. ते तिने टाकले नाही, आणि मला दाखवलेही नाही. घरी आल्यावर आप्पा पाच आठवडे प्यायले नाहीत. मग पुन्हा सुरू.

आठ महिन्यांनी फडताळाचा कागद बदलताना ते पत्रक माझ्या हाती आले. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' असे त्यावर होते. याचा अर्थ नाव न सांगणारे मद्यपी. सगळीकडे त्याला ए. ए. म्हणतात. पत्रकावरचा दूरध्वनी बंद होता. मग मोबाइलवर त्यांचे भारतातील संकेतस्थळ शोधले आणि तिथल्या क्रमांकावर फोन केला. तीनदा आकडे दाबून मी फोन ठेवून दिला हे कबूल करते. चौथ्या वेळी पलीकडून एका पुरुषाचा शांत आवाज आला. "स्वतःसाठी विचारता की घरच्या कोणासाठी?" एवढेच त्यांनी विचारले. नाव, गाव, आडनाव, जात काहीच नाही. आपल्या गावात गुरुवारी संध्याकाळी सात वाजता सभा असते, ती एका नगरपालिकेच्या शाळेत भरते, आणि महिन्यातला शेवटचा गुरुवार खुला असतो, असे त्यांनी सांगितले. खुली सभा म्हणजे घरचे लोक, विद्यार्थी, डॉक्टर, कोणीही येऊन बसू शकते. बंद सभा फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. हा भेद ध्यानात ठेवावा, म्हणजे दारातून परत यावे लागत नाही.

मैत्रिणीला बरोबर घेऊन मी गेले. शाळेचे पुढचे फाटक बंद. बाहेर पाटी नाही. रस्त्यात कोणाला विचारावे, आणि काय म्हणून विचारावे? 'दारुड्यांची सभा कुठे आहे हो?' असे तोंडातून निघेना. शेवटी शाळेच्या शिपाईकाकांना विचारले, इथे गुरुवारी कसली सभा असते का? ते म्हणाले, "ते चहावाले होय? मागच्या दारानं जा." सभेसाठी दर गुरुवारी किटलीभर चहा येतो, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून ते सांगत नव्हते. मागच्या दाराला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर वर्तुळात त्रिकोण आणि दोन अक्षरे.

तो तिसरीचा वर्ग होता. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता आणि फळांची चित्रे. फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवशीची पटसंख्या तशीच होती, मुले १९, मुली २१. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून अकरा मोठी माणसे बसली होती. सगळे पुरुष. एकाच्या पायात चिखलाच्या चपला, एकाच्या हातात हेल्मेट, एक इस्त्रीच्या कपड्यांत. एक चेहरा माझ्या ओळखीचा होता. त्याविषयी इतकेच लिहिते.

सुरुवात क्षणभर स्तब्ध उभे राहून झाली. मग एकाने छापील कागदावरून वाचले की, येथे वर्गणी नाही, फी नाही, कोणत्याही पंथाशी, पक्षाशी, संस्थेशी संबंध नाही, आणि सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. येथे जे ऐकले ते येथेच ठेवावे, असेही सांगितले. म्हणून त्यांच्या हकिगती मी लिहिणार नाही. पण त्या कशा सांगितल्या जातात ते लिहायला हरकत नसावी. एकेक जण उठतो, आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे सांगतो, बाकीचे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि तो पाच-सात मिनिटे बोलतो. बसतो. मग दुसरा. मध्ये कोणी थांबवत नाही, प्रश्न विचारत नाही, सांगून झाल्यावर शेरा मारत नाही.

मराठी स्पेशलची विद्यार्थिनी असल्यामुळे असेल, मला त्यांचे व्याकरण जाणवले. सव्वा तासात जवळजवळ प्रत्येक वाक्य प्रथमपुरुषी एकवचनी आणि भूतकाळी होते. मी प्यालो. मी खोटे बोललो. मी मुलीच्या फीचे पैसे उचलले. आमच्या घरात मात्र वीस वर्षे प्रत्येक वाक्य द्वितीयपुरुषी होते आणि त्याचा शेवट 'पाहिजे' असा होत असे. तुम्ही सोडली पाहिजे. तुम्ही मुलांकडे पाहिले पाहिजे. आजीचे, आईचे, मामांचे, माझेही. त्या खोलीत 'पाहिजे' हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. ज्या माणसाने जन्मभर उपदेशच ऐकला आहे त्याला भिंतीकडे तोंड करण्यासाठी इथे कारणच मिळत नाही, असे मला वाटले. आणि ते हसतही होते. स्वतःच्या सर्वांत लाजिरवाण्या गोष्टीवर आधी सांगणारा हसे, मग बाकीचे.

शेवटी एक डबा फिरला. त्यात ज्याला जे टाकायचे ते टाकतो. चहा आणि वर्गखोलीचा खर्च त्यातून निघतो. बाहेरच्यांकडून ते देणगी घेत नाहीत. मी दहा रुपये टाकू लागले तर शेजारच्यांनी हसून डबा पुढे सरकवला. मग हातात हात धरून एक लहानशी प्रार्थना झाली आणि सभा संपली.

या पद्धतीचा उगम मी नंतर वाचला. बिल विल्सन हा न्यू यॉर्कचा शेअरबाजारातला माणूस. १९३५ च्या मे महिन्यात तो धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावी गेला होता. काम फिसकटले, खिशात पैसे फारसे नव्हते, आणि दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला दारूचा बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. आपण आता पिणार हे त्याला कळून चुकले. आपल्याला या घटकेला दुसरा एखादा दारुडा भेटला पाहिजे, असे वाटून त्याने तिथल्या चर्चच्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली. त्यातून त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या पिणाऱ्या शल्यवैद्याशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे देऊ केली होती, बोलणे सहा तासांच्या वर चालले. डॉक्टरांनी शेवटचा पेला १० जून १९३५ रोजी घेतला आणि हाच दिवस या चळवळीचा आरंभ मानतात. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हे पुस्तक १९३९ साली निघाले. भारतात १९५७ साली दिल्लीत आलेल्या एका कॅनेडियन सभासदाने सुरुवात केली. या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, विल्सन डॉक्टरांचे भले करायला गेला नव्हता. तो स्वतःला वाचवायला गेला होता. वॉर्डात आलेले ते दोघे आप्पांसाठी जितके आले होते तितकेच स्वतःसाठी आले होते.

त्यांच्या बारा पायऱ्या आहेत. आपण दारूपुढे हतबल आहोत हे मान्य करणे ही पहिली. आपल्याकडून दुखावलेल्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करणे ही पुढची एक. ईश्वराचा उल्लेख काही पायऱ्यांत आहे, पण ज्याला जसा समजला तसा, अशी सूट दिली आहे. एक सभासद नास्तिक आहेत, ते म्हणतात माझा ईश्वर म्हणजे हा गुरुवार. मला स्वतःला हा भाग थोडा अवघड वाटतो, आणि आपल्या कॉलेजातल्या काही विवेकवादी प्राध्यापकांना तो अधिकच अवघड वाटेल. उपयोग होतो का, हा निराळा प्रश्न. २०२० साली कॉक्रेन या संशोधन-संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १०,५६५ माणसांचा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए. कडे नीट वळवणारे उपचार हे इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, पुष्कळदा सरस ठरले. याचा अर्थ येईल तो सुटेल असा नाही. मी गेले त्या दिवशीच्या अकरांपैकी चार चेहरे आता दिसत नाहीत, असे आप्पा सांगतात.

आणि त्या खोलीत बाई नव्हती. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दारू घेणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के आढळले. थोड्या म्हणजे शून्य नव्हे. मागच्या दाराने मला एवढे अवघड गेले, तर जिला स्वतःसाठी आत जायचे आहे तिचे काय होत असेल? २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाइलवरही सभा भरू लागल्या, त्यात स्त्रिया येतात असे ऐकते. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एखाद्यालाच कसला तरी उपचार मिळालेला होता.

आता आप्पांविषयी. खुल्या सभेनंतर साठीचे ते गृहस्थ मला म्हणाले, "घरी जाऊन त्यांना 'चला' म्हणू नकोस. मीच येतो." ते काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पुढे काय घडले ते लिहायची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. रविवारी सकाळी ते पँटची लांबी कमी करून घ्यायला म्हणून दुकानात आले आणि स्टुलावर बसले. आप्पा मशीनवर. काका स्वतःचेच सांगत होते. डेपोत टूलबॉक्समध्ये बाटली कशी ठेवायचो, पगाराच्या दिवशी बायको फाटकाशी कशी उभी राहायची, धाकट्याच्या बारशाला आपण नाल्यात कसे सापडलो. आप्पांविषयी एक अक्षर नाही. मी पडद्यामागे काजे-बटण करीत ऐकत होते. आप्पा तासभर काही बोलले नाहीत. मग मशीन थांबले आणि त्यांनी विचारले, "मग रात्री झोप कशी लागायची?" वीस वर्षांत दारूविषयी आप्पांनी कोणाला प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. सगळे त्यांनाच विचारीत.

आधी रुग्णालय, आठ दिवस, या वेळी स्वतःच्या पायांनी. मग गुरुवार. पहिल्या महिन्यात काका त्यांना शेजारच्या गावांतल्या सभांनाही नेत, कारण नव्या माणसाने नव्वद दिवसांत नव्वद सभा कराव्यात असा त्यांच्यात प्रघात आहे. तिथे जन्मभराची शपथ घालत नाहीत. फक्त आज प्यायचे नाही आणि फक्त पहिला पेला घ्यायचा नाही, कारण तिसरा-चौथा टाळणे कोणाच्याच हातात उरत नाही. हे ऐकून मला गडकऱ्यांच्या नाटकाचे नावच आठवले. आप्पा तीन महिने टिकले. गणपतीत, विसर्जनाच्या रात्री, प्यायले. पुढच्या गुरुवारी जाणार नाही म्हणाले, काय तोंड दाखवू? काका आले आणि म्हणाले, तोंड तेवढंच दाखवायचं असतं. आप्पा गेले. तिथे कोणी रागावले नाही आणि कोणी समजूतही घातली नाही. त्यांचा दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात झाली. डिसेंबरात आणखी एकदा असेच झाले.

आईची गोष्ट निराळी. मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाच्या वेगळ्या सभा १९५१ पासून आहेत. आपल्या गावात ती सभा नाही. पुण्याला 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. मावशीकडे जाण्याच्या निमित्ताने आई दोनदा तिथे जाऊन आली. काय झाले ते ती सांगत नाही. पण आप्पांना उशीर झाला की रस्त्याच्या टोकाला जाऊन उभे राहण्याचे तिने बंद केले आहे.

शोध घेणाऱ्यासाठी एवढेच: केंद्र शासनाची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारता येते. ए. ए. च्या संकेतस्थळावर गावांची यादी आणि क्रमांक आहेत. मुंबईकडच्यांना फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापन केलेले 'कृपा फाउंडेशन' आहे. आपल्या सभेच्या शाळेचे नाव मी मुद्दामच दिले नाही. जागा गुप्त नाही, पण शाळा खोली बदलते, आणि अंक हाती पडेपर्यंत पत्ता चुकीचा ठरला तर पुन्हा कोणीतरी बंद फाटकाशी उभे राहील. फोन करावा. चौथ्यांदा का होईना, करावा. वसतिगृहातल्या कोणाला स्वतःसाठी करायचा असेल तर वयाची अट नाही, सभेत एक पोरगा आपल्यापेक्षा लहान दिसतो.

हा मजकूर देताना आप्पांचे त्रेसष्ट दिवस झाले आहेत. अंक निघेल तेव्हा आकडा किती असेल ते मला माहीत नाही. परवा एका शाळेच्या गणवेशाचे कापड आले, ऐंशी हाफ पँटी आहेत. सुईत दोरा ते आता स्वतः ओवतात. पण चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे संध्याकाळी दिवा लागल्यावर कधी कधी मला हाक मारतात, आणि हाक आली की अजून माझ्या छातीत धस्स होते.